चोवीस घरं आणि नन्नाचा पाढा

वेस्टर्डाल, मिनेसोटा
मंगळवार, ११ सप्टेंबर १९८४

ती. ऑस्मुंडदादास,

धाकट्या बोर्गहिल्डचा नमस्कार. इकडे सर्व ठीक. तिकडेही ठीकच असणार, कारण तुझ्याकडे काही बिघडलंय असं गेल्या तेहतीस वर्षांत तू कुणाला कळू दिलेलं नाहीस. (मक्याच्या यंत्राने पाय नेला त्या संध्याकाळी तू दवाखान्यातून निरोप धाडला होतास, 'आज गाईंचं कुणीतरी बघा, मला जरा उशीर होईल.' आई हे मरेपर्यंत पाहुण्यांना कौतुकाने सांगायची आणि मला दर वेळी तिचा राग यायचा.) लाकडी पायाचा पट्टा घासतो का अजून? बटाटे निघाले का? फोन सोडून पत्र लिहितेय, कारण फोनवर माझं पहिलं वाक्य संपायच्या आत तू 'बरं, ठेवतो' म्हणतोस. पत्र तसं ठेवता येत नाही. तू बियाण्याच्या जाहिरातीसुद्धा शेवटपर्यंत वाचतोस हे मला ठाऊक आहे.

मुद्द्याचं आधीच सांगून टाकते, म्हणजे तुझा जीव टांगणीला लागायला नको. आपल्या नव्या इमारतीत सात नंबरचं घर रिकामं आहे आणि ते तू घ्यावंस. तळमजला, दाराला उंबरा नाही, न्हाणीत धरायला दांडे, ओटा बसून काम करता येईल इतका खाली. सरकारकडून आलेली मिस क्विंटाना शेतावर येऊन दोनदा विचारून गेली, तू दोनदा नाही म्हणालास. गेल्या जानेवारीत गोठा आणि घर यांच्यामध्ये बर्फात पडलास आणि दुधाच्या गाडीवाल्याने उचललं तेव्हा 'तासभर ढग बघत होतो' असं म्हणालास. पण मार्चमध्ये गाई विकल्यास, तेव्हापासून दुधाची गाडी तुझ्या रस्त्याला वळत नाही. येत्या जानेवारीत तुला ढग बघत बसावं लागेल ते थेट वसंतापर्यंत. मिस क्विंटाना शुक्रवारी सकाळी दहाला चर्चच्या तळघरात शेवटचं विचारणार, आणि जी घरं उरतील ती जिल्ह्याच्या यादीतल्या परक्या माणसांना जाणार. (आठ नंबरही रिकामं आहे. तिथे एका हट्टी बाईचं नाव लागलंय, तिचं तुला काही करायचं नाही.) एवढं बोलून हा विषय मी बंद करते आणि या इमारतीपायी आमची काय काय शोभा झाली ते सांगते. तू गावात येत नाहीस, त्यामुळे तुला सगळं अर्धवट आणि तेही सेल्मर टोफ्तेकडून कळतं, म्हणजे न कळलेलं बरं.

तर तीन वर्षांपूर्वी पास्टर लिंडक्विस्ट (स्वीडिश आहेत, पण माणूस बरा आहे) शहरातल्या कसल्याशा सभेहून एक जाडजूड फाइल घेऊन आले. सरकार म्हणे चर्चला पैसे देतं, त्यातून तुटपुंज्या उत्पन्नाच्या म्हाताऱ्यांसाठी आणि अपंगांसाठी घरं बांधायची, ज्याच्या त्याच्या मिळकतीच्या मानाने भाडं घ्यायचं, वर दिवसातून दोन वेळा येऊन विचारपूस करणारी बाई आणि दवाखान्यात नेणारी गाडी. समिती नेमली आणि मला अध्यक्ष केलं. मी दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा पास्टरांनी विचारलं तेव्हा 'तुमचं अडतच असेल तर' म्हणून घेतलं. इथवर सगळं रीतसर होतं. पण सरकार म्हणालं, पैसे हवेत तर गावाला घरांची गरज आहे हे आधी सिद्ध करा. आम्ही बायकांनी छापील फॉर्म घेऊन गावातली एकशे त्रेचाळीस घरं पालथी घातली. प्रश्न साधाच होता: तुम्हाला घरकामात, चालण्याफिरण्यात मदतीची गरज आहे का? एकशे एकेचाळीस जणांनी लिहिलं, 'नाही. पण शेजाऱ्यांना विचारा.' एकाने लिहिलं, 'देवाच्या दयेने नाही.' आणि एक फॉर्म सेल्मरचा, त्याने त्यावर कोंबड्यांचा हिशेब मांडला होता. सेल्मरचा त्या आठवड्यातच स्वयंपाकघराचा पडदा पेटला होता, भिंत काळी झाली होती, आणि तो त्या भिंतीला टेकून मला म्हणत होता, 'मला कशाला मदत, मी धडधाकट आहे.'

पास्टरांनी डोक्याला हात लावला. सरकारी हिशेबाने वेस्टर्डालमध्ये एकही गरजू नाही, मात्र प्रत्येकाच्या शेजारी एक आहे. त्या रात्री भांडी घासताना मला सुचलं (मला जे काही सुचतं ते भांडी घासताना, म्हणून भांडी घासायचं यंत्र मी घेत नाही) की लोकांना स्वतःचं लिहायची लाज वाटते ना, मग शेजाऱ्याचं लिहायला सांगू. दुसऱ्या दिवशी फॉर्म पुन्हा वाटले, पण या खेपेला ज्याने त्याने समोरच्या घराचा भरायचा. अरे दादा, दोन दिवसांत फॉर्म परत, आणि जागा पुरली नाही म्हणून मागच्या कोऱ्या बाजूवरसुद्धा लिहिलेलं. कोण लाकडं वर नेता येत नाहीत म्हणून स्वयंपाकघरात कोट घालून झोपतं, कोणाला दिसत नाही तरी ती चर्चमध्ये गाण्याचं पुस्तक उघडून बसते आणि पानं अंदाजाने उलटते. मी गुन्वोर हौगेनबद्दल लिहिलं की बाई मार्चपासून तिन्ही वेळा ओटची लापशी खातेय आणि विचारलं तर म्हणते, मला आवडते. सरकारी खात्याची मिस क्विंटाना नंतर म्हणाली, इतकी तपशीलवार गरज तिच्या अख्ख्या नोकरीत कुणी कळवली नव्हती. पैसे मंजूर झाले. फक्त या जूनच्या अखेरीला गुन्वोरला लापशीचं कुठून तरी कळलं आणि ती पाच आठवडे माझ्याशी बोलली नाही, ते मी सहन केलं. (तिच्या समोरचं घर कुणाचं, हा विचार त्या वेळी माझ्या डोक्यात आला नाही. असो, ते पुढे.)

इमारतीचं बांधकाम हा वेगळाच तमाशा. शहरातून आलेल्या आर्किटेक्टने प्रत्येक घराला छोटी बाल्कनी काढली होती. जानेवारीत तिथे बसून कोण काय करणार, असं मी विचारलं. तो म्हणाला, 'मॅडम, एकांत.' मी म्हटलं, बाळा, आमच्याकडे एकांताला तोटा नाही, तोच घालवायला ही इमारत बांधतोय. बाल्कन्या काढून त्या जागेचं एक मोठं स्वयंपाकघर केलं, तीस माणसांची कॉफी एका वेळी होईल असं. मग प्रत्येक न्हाणीत एक लाल दोरी आली. पडलात, छातीत दुखलं, तर ओढायची, की खाली रखवालदाराच्या खोलीत घंटा वाजते. ती चालते का बघायला सेल्मरला नऊ नंबरच्या न्हाणीत आडवा केला आणि सांगितलं, तू पडला आहेस असं समज. आम्ही खाली घंटेपाशी कान लावून उभे. दहा मिनिटं गेली, वीस गेली. मिस क्विंटाना घड्याळ बघतेय, वीजवाला तारा तपासतोय. चाळीस मिनिटांनी सेल्मर स्वतःच जिना उतरून खाली आला आणि रखवालदाराला म्हणाला, 'मी वर पडलोय, पण घाई नाही, तुमचं काम आटपलं की या.'

मिस क्विंटानाबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण शेतावर तू तिला मुरवलेले मासे खायला घातलेस आणि ती कोण, कुठली, एक अक्षर विचारलं नाहीस. पोर टेक्ससची, सहा भावंडांतली थोरली, डोक्याने तल्लख आणि मनाने निर्मळ. पण तिच्या घरी रीत अशी की ताट पुढे आलं की घ्यायचं, नाही तर यजमानीण रुसते. हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही, असं समजणारं माणूस सरकारने वेस्टर्डालला पाठवलं. तीन ऑगस्टला ती चोवीस घरांचे चोवीस कागद घेऊन आली. यादीतले बावीस जण (उरलेल्या दोघांचं पुढे) तळघरात बसलेले, सगळे आंघोळ करून, बायका टोप्या घालून. मी आपली आतल्या ओट्यापाशी केक कापत होते, मला वाटलं, आता काय, सह्याच तर घ्यायच्यात.

तिने एकेकाला बोलावून विचारलं, 'तुम्हाला हे घर देऊ केलंय, घेणार?' गुन्वोर म्हणाली, 'नको गं, माझ्यापेक्षा गरजू पुष्कळ आहेत.' सेल्मर म्हणाला, 'मला काय करायचंय एवढं मोठं घर.' तिसरा म्हणाला, 'आधी इतरांचं होऊ दे.' बावीसच्या बावीस जणांनी नन्नाचा पाढा वाचला. ती बिचारी घाबरली. जेवण झाल्यावर तिने सगळ्यांना पुन्हा एकेक करून विचारलं, आणि सगळे पुन्हा नाही म्हणाले, या वेळी जरा मऊ आवाजात. खात्याचा नियम असा की दोनदा नकार दिला की नाव यादीतून बाद. तिने कागद पिशवीत भरले, कुणाशी न बोलता गाडीत बसली आणि हायवेवरच्या मोटेलमध्ये जाऊन रडली. मी केक घेऊन बाहेर आले तर तळघरात आनंदीआनंद. गुन्वोर माझ्याशी (पाच आठवड्यांनंतरचं पहिलं वाक्य) म्हणाली, 'पोरगी गोड आहे हो. दोनदा विचारलंन.' आणि घरी जाऊन सगळ्यांनी बांधाबांध सुरू केली. दादा, मी खोटं सांगत नाही. संध्याकाळी मी रस्त्याने चालत गेले तर घराघरांतून लोक कपबश्या वर्तमानपत्रात गुंडाळत होते. सेल्मरने आपली चूल विकायला काढली होती. कागदावर वेस्टर्डालमध्ये एकही भाडेकरू उरला नव्हता, आणि इकडे बावीस जणांचं निम्मं सामान खोक्यात गेलं होतं.

मी उरलेला केक घेऊन मोटेलवर गेले. तिने दार उघडलं, डोळे सुजलेले. मी म्हटलं, 'थोडा केक आणलाय.' तर म्हणाली, 'थँक यू, द्या,' आणि घेतलाच. पहिल्याच वेळी. मी दारात उभीच राहिले, हात रिकामे झाल्यावर काय करायचं ते मला कळेना. मग बसले आणि तिला सगळं समजावून सांगितलं. 'हे बघ पोरी, आमच्यात पहिल्यांदा नाही म्हणतात ते ऐकू आलं म्हणून. दुसऱ्यांदा म्हणतात ते विचार चाललाय म्हणून. तिसऱ्यांदा तू विचारलंस तरच तुला मनापासून द्यायचंय असं आम्ही धरतो. मग म्हणायचं, तुम्हाला बरं वाटणार असेल तर.' तिने केकचा आणखी एक तुकडा मोडला. म्हणाली, 'आणि तिसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही तर?' मी म्हटलं, 'तर घरी जायचं आणि त्याबद्दल बोलायचं नाही. आमच्या आत्याचं लग्न असंच राहिलं.' ती हसायला लागली, मग मीही, आणि आम्ही दोघींनी मिळून अख्खा केक संपवला. मग तिने नियमांचं बाड काढलं आणि मध्यरात्र होईपर्यंत वाचलं. बाराच्या सुमाराला ती पलंगावर उभीच राहिली. नियमात होतं की नकार धरायचा तो लेखी असला तरच. आपल्या लोकांनी तोंडी शंभरदा नाही म्हटलं असेल, पण 'नाही' असं लिहून सही करणं म्हणजे उद्धटपणा, तो एकानेही केलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने तिसरी फेरी घेतली, या वेळी मी शिकवलं तशी. आधी कॉफी, मग पावसापाण्याचं, मग जाता जाता, दाराच्या कडीवर हात ठेवून, 'बाकी ते घराचं काय करायचं?' गुन्वोर म्हणाली, 'तुझं काम होणार असेल तर राहीन बाई.' सेल्मरने भाव खाऊन बघितला, पण चूल विकली गेली होती. बावीस सह्या झाल्या. मी इतकी हसत होते की पास्टरांनी मला पाणी आणून दिलं. या एक तारखेला सगळे राहायला आले. रात्री उशिरापर्यंत मोठ्या स्वयंपाकघरात दिवा होता, पत्ते चालले होते, गुन्वोरने वाटीभर मटणाचा रस्सा मागून घेतला. मागून, दादा. आणि काल पहाटे पहिल्यांदा घंटा वाजली, सेल्मरने दोरी ओढली होती. सगळे धावले, तर पलंगावर बसून म्हणतो, 'काही नाही, पाय सरकला होता, आता ठीक आहे, पण कळवावं म्हटलं.'

बावीस सांगितले. दोन राहिले ते सात आणि आठ, आणि दोघांनीही दोनदा नाही म्हटलेलं आहे. तुझा प्रश्न असा की तुला तीन पुरतात की नाही याची मला खात्री नाही. वडिलांच्या दफनविधीनंतर तू जेवायला चारदा नाही म्हणालास आणि आत्याने पाचव्यांदा विचारलं नाही, तेव्हा उपाशी घरी गेलास. तू खरोखरच नाही म्हणतोस की रीतीचं नाही म्हणतोस हे मला सत्तर वर्षांत कळलेलं नाही, आणि मला वाटतं तुलाही ते कळेनासं झालंय. शेत विकायचं नाही, भाड्याने पुतण्या करेल. कुत्रा चालतो, मी नियम बघितला. शेजारीपाजारी ओळखीचे. आणि सात नंबरच्या खिडकीतून तुझं शेत दिसत नाही हे मान्य, पण शेतावरच्या खिडकीतून तरी तुला कोण दिसतं?

बाकी विशेष नाही. तब्येतीला जप, पट्ट्याला तेल लाव. शुक्रवारी दुधाच्या गाडीवाल्याला पावणेनऊला तुझ्याकडे वळायला सांगितलंय. तो बाहेरगावचा आहे, पहिल्या खेपेलाच हो म्हणाला.

तुझी बहीण,
बोर्गहिल्ड

ता. क. या पत्राला उत्तर लिहू नकोस. लिहिलंस तर सवयीने 'नाही' लिहिशील, आणि लेखी नकार धरतात. जे काय म्हणायचं ते येऊन म्हण.

ता. ता. क. आठ नंबरची हट्टी बाई मी आहे. तुला आतापर्यंत कळलंच असेल, तू जाहिरातीसुद्धा शेवटपर्यंत वाचतोस. गुन्वोरच्या समोरचं घर माझं, आणि लापशीचा सूड तिने माझ्या फॉर्मवर आधीच उगवून ठेवला होता. मला तो मिस क्विंटानाने परवा दाखवला. लिहिलंय, 'बोर्गहिल्ड रात्री जिना बसून, पाठमोरी, एकेक पायरी चढते. तिला वाटतं पडदा ओढलेला आहे.' दादा, पडदा ओढलेला नसायचा. ईस्टरपासून तर मी वर जातच नाही, बैठकीतल्या कोचावर झोपते. डॉक्टर म्हणतात हृदयाचं दुखणं आहे, फार काही नाही, पण जिने नकोत. समितीच्या अध्यक्षबाईने स्वतःलाच घर घ्यायचं म्हणजे लोक काय म्हणतील म्हणून मी मिस क्विंटानाला दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा ती शुक्रवारी विचारेल. गावभर मी सगळ्यांना हो म्हणायला शिकवलं, पण माझ्या जिभेचा मला भरवसा नाही, ती सरळ नाहीच म्हणेल.

ता. ता. ता. क. म्हणून तू ये. माझ्या उजव्या हाताला बस. तिने मला विचारलं की माझं तोंड उघडायच्या आत तू हो म्हण. तुला विचारलं की मी म्हणते.